आधी प्रश्न, मग राग

आपल्या रविवारच्या वर्गात मी मोठ्या मुलांना शिकवते. सप्टेंबर २०२२ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाने मला फोनवर लेस्टरचा एक व्हिडिओ दाखवला आणि विचारले, "मावशी, आता आपण काय करायचं?" खरे सांगायचे तर तोच व्हिडिओ त्या सकाळी मी स्वतः दोन ग्रुपवर पुढे पाठवला होता. कारण एवढेच, की पाहून राग आला होता.

२८ ऑगस्टच्या भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर तेथे हिंदू आणि मुस्लिम तरुणांत तणाव वाढला, तो अफवांनी भडकला. एका मुलीला पळवण्याचा प्रयत्न झाल्याची पोस्ट पोलिसांच्या तपासात खोटी ठरली. जुलै २०२४ मध्ये साउथपोर्टला तीन मुलींची हत्या झाली. हल्लेखोर मुस्लिम निर्वासित आहे अशी खोटी बातमी पसरली आणि अनेक शहरांत दंगली झाल्या. प्रत्यक्षात तो कार्डिफमध्ये जन्मलेला होता.

अतिरेकी विचारांकडे ओढल्या जाणाऱ्या मुलांकडे लक्ष देणे २०१५ पासून येथील शाळांना कायद्याने बंधनकारक आहे. या योजनेला 'प्रिव्हेंट' म्हणतात. साउथपोर्टच्या त्या मुलाचे नाव तिच्याकडे तीन वेळा कळवले गेले होते. म्हणजे नुसते कळवून भागत नाही. वाढत्या वयात मुलांना आपले कोणीतरी हवे असते, अन्यायाची चीड असते. घरात बोलायला कोणी नसेल, तर 'आपण' आणि 'ते' असे सोपे उत्तर देणारा कोणीतरी भेटतोच. असा माणूस कोणत्याही धर्मात असतो, आपल्यातही.

पुढच्या रविवारी मी आधी माझी चूक मुलांना सांगितली. मग फळ्यावर तीन प्रश्न लिहिले:
१. हे कोणी सांगितले, आणि त्याने स्वतः पाहिले का?
२. हे चित्र कुठले, केव्हाचे?
३. मला राग आल्याने कोणाचा फायदा होतो?

तो व्हिडिओ कोणी, केव्हा काढला, हे आमच्यापैकी एकालाही सांगता आले नाही. मुले हसली, पण मी ओशाळले.

गीतेत अर्जुन प्रश्न विचारतो आणि श्रीकृष्ण त्याला गप्प बसवत नाहीत. सर्व समजावून झाल्यावर निर्णय त्याच्यावरच सोपवतात. आपण मुलांना श्लोक पाठ करून घेतो, ते चांगलेच आहे. पण प्रश्न विचारायलाही शिकवू या.

गणपती ही बुद्धीची देवता. या उत्सवात एक छोटा संकल्प करू या: पुढे पाठवण्याआधी हे तीन प्रश्न स्वतःला विचारायचे. सुरुवात आम्हा मोठ्यांपासून!