पालेभाजीतले फोलेट आणि मातेचे रक्त



पालक, मेथी, चवळी, मूग, हरभरा, शेंगदाणे यांत फोलेट नावाचे ब-गटातले जीवनसत्त्व असते. शरीरात नवी पेशी तयार होताना ते लागते. ते कमी पडले की तांबड्या पेशी नीट पक्व होत नाहीत. आकाराने मोठ्या राहतात आणि संख्येने घटतात. मग थकवा येतो, धाप लागते, चेहरा फिका पडतो.

या शोधाची सुरुवात आपल्या मुंबईत झाली. १९२८ साली डॉ. लुसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर येथे आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांना गंभीर रक्तक्षय का होतो, हे त्यांनी तपासले. त्यांना दिसले की आहार जितका निकृष्ट, तितका आजार जास्त. यीस्टचा अर्क दिल्यावर रुग्ण स्त्रिया सुधारल्या, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून हा घटक मिळवला गेला. लॅटिनमध्ये पानाला 'फोलियम' म्हणतात. त्यावरून फोलिक आम्ल हे नाव पडले.

त्याच १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये कायदा झाला. मातेचे आरोग्य हा केवळ तिचा खासगी प्रश्न नाही, हे आपण तेथून शिकलो.

गर्भाचा मेंदू व मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. १९९१ च्या ब्रिटिश अभ्यासात, आधी असा दोष असलेले मूल झालेल्या स्त्रियांनी फोलिक आम्ल घेतल्यावर तो दोष पुन्हा होण्याचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी घटला. म्हणून मूल हवे असेल तर आधीपासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल घ्यावे, असा सल्ला दिला जातो. या काळात नुसत्या भाजीवर विसंबू नये.

आपण घरी काय करावे?

१. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. फार वेळ उकळू नये. उकळलेले पाणी फेकू नये, आमटीत घालावे.

२. जेवणात डाळ-उसळ रोज असावी. वर लिंबू पिळावे. त्याने लोह चांगले शोषले जाते. जेवणाला लागून चहा टाळावा.

३. गरोदरपणी सरकारी केंद्रातून मिळणारी लोह-फोलिक आम्लाची गोळी न चुकता घ्यावी. मळमळ झाली तर गोळी बंद न करता आशाताईंना विचारावे.

काही गोष्टींत सावध राहावे. हातापायांना मुंग्या येत असतील तर ब-१२ तपासावे. ते कमी असताना फक्त फोलिक आम्ल घेतल्यास रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते. विदर्भातील आपल्या अनेक कुटुंबांत सिकलसेल आहे. या रुग्णांना डॉक्टर फोलिक आम्ल देतात, पण त्याने सिकलसेल बरा होत नाही आणि लोहाच्या गोळ्या तपासणीशिवाय घेऊ नयेत. फिटची औषधे चालू असतील तरी डॉक्टरांना विचारावे.

वर्षावासात विहारात आपल्या माता-भगिनी जमतात. ग्रंथवाचनानंतर दहा मिनिटे या विषयाला द्यावीत. नवविवाहित मुलींना आणि सासवांनाही हे सांगावे. घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात भाजी उरते का, हेही आपण पाहावे.