आवणीच्या दिवसांत वाटाड्या मागू नये

भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला, अकोले तालुक्याच्या पार टोकाला रतनवाडी, साम्रद, घाटघर ही गावं आहेत. वस्ती बहुतांशी महादेव कोळ्यांची. सकाळी निघून दिवेलागणीच्या आत परतता येईल असे डोंगर गावांच्या उशापायथ्याशी आहेत. या खोऱ्यात मी बरीच वर्षं हिंडतेय. त्यातून जे हाती लागलं, ते हे.

१. जायचा दिवस आपल्या सुट्टीवरून नाही, गावाच्या कामावरून ठरवावा. जुलैत इथे आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू असते. घरातलं झाडून सगळं माणूस भाताच्या खाचरात, गुडघाभर चिखलात. अशा वेळी वाटाड्या मागितला तर मिळेलही, पाहुण्याला नाही म्हणणं जड जातं. पण तिकडे त्याच्या खाचरात दोन हात कमी पडतात. आणि एवढं करून वर दिसतं काय? घाटघरला अहिल्यानगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. कड्यावर उभं राहावं आणि समोर पांढरा पडदा पाहून परत यावं! पावसात मी रतनवाडीतल्या अमृतेश्वराच्या देवळापर्यंतच जाते. शेजारची पुष्करिणी तुडुंब भरलेली असते, देवळाच्या काळ्या दगडावरचं कोरीवकाम धुऊन निघालेलं असतं. तेवढं पुष्कळ आहे. सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस जरा उसंत घेतो, पठारं सोनकीने पिवळी होतात आणि आवणी संपलेली, सोंगणी लागायची असते. तो मधला पंधरवडा साधावा. नाहीतर मग भात झोडून घरात आल्यावर, डिसेंबरात.

२. ढोरवाट ओळखायला शिकावं. रतनवाडीतून रतनगडाकडे निघालं की वाट प्रवरेच्या काठाने जंगलात शिरते आणि पुढे तिला फाटा फुटतो. एक गडावर, दुसरी कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे. हे दोनच फाटे असते तर प्रश्न नव्हता. गुरांनी पाडलेल्या वाटा मधूनमधून निघतात आणि माणसांच्या वाटेपेक्षा जास्त मळलेल्या दिसतात. शहरातला माणूस रुंद वाट धरतो आणि गवताच्या माळावर जाऊन थांबतो. माझी खूण साधी आहे. माणसांच्या राबत्या वाटेवर डोक्याच्या उंचीपर्यंतच्या फांद्या कोयत्याने छाटलेल्या असतात. फांद्या छातीला घासायला लागल्या की समजावं, इथून गुरं जातात, माणसं नाही. मग मागे फिरावं. कारवीच्या रानात घुसून ‘इकडून निघेल वाट’ म्हणणाऱ्या सोबत्याचं ऐकू नये, तो कितीही आत्मविश्वासाने बोलत असला तरी.

३. कळसूबाईला रविवारी जाऊ नये. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, बारी गावातून सरळ वाट, लोखंडी शिड्या. त्यामुळे शनिवारी रात्रीपासून रीघ लागते आणि शिडीपाशी रेशनच्या दुकानासारखी रांग. त्यापेक्षा नवरात्रात जावं. गर्दी तेव्हाही असते, पण ती देवीला निघालेल्यांची असते. नऊवारीतल्या आजी अनवाणी पुढे निघून जातात, आणि आपले महागडे बूट फारसे मिरवण्यासारखे राहत नाहीत.

४. पाणी खालून भरून न्यावं. गडावर टाकी आहेत, पण उन्हाळ्याकडे त्यांचा भरवसा नाही. गावातही मागताना जरा विचार करावा. १९२६ साली पुरं झालेलं धरण समोर दिसतं, त्याचं पाणी कालव्यांनी खालच्या उसाला जातं आणि वरच्या वाड्यांतल्या बायका एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन झऱ्याची वाट धरतात. जलाशयाचं जुनं नाव आर्थर लेक. आता त्याला राघोजी भांगरे यांचं नाव आहे. ते याच तालुक्यातले. इंग्रजांविरुद्ध उठले आणि १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. नाव बदललं हे योग्यच झालं. हंडे मात्र अजून डोक्यावरच आहेत.

५. जेवण निघतानाच गावातल्या घरी सांगून ठेवावं, माणसं मोजून. नागलीची भाकरी ऐनवेळी दहाजणांना पुरवता येत नाही. पीठ असतं, वेळ नसतो. घरच्या मावशींनी एकदा ऐकवलं होतं, “भूक लागंल तवा या, पर अंधाराच्या आत या. तुमच्यापायी आमची झोप जाते.” ठरलेल्या दरात घासाघीस करू नये. हे लिहावं लागतं, कारण करणारे पाहिले आहेत.

६. साम्रदजवळच्या सांदण दरीत पावसाळ्यात पाय ठेवू नये. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधे चिंचोळी फट. वर सर आली की पाणी त्याच फटीतून येणार, आणि बाजूला सरायला जागा नाही.

७. मेअखेरीच्या काजव्यांना मी जात नाही. हिरड्या-बेहड्याच्या झाडाखाली मोटारींचे दिवे, हातात विजेऱ्या, गवत तुडवणारे पाय. त्या गवतात आणि मातीत पुढच्या वर्षीचे काजवे असतात. गावाला त्या दिवसांत चार पैसे मिळतात, म्हणून ‘बंद करा’ म्हणायला जीभ रेटत नाही. आपण जायचं नाही, एवढं आपल्या हातात आहे.

८. जमेल तिथे उतरायची वाट वेगळी धरावी. रतनगडावर गणेश दरवाजाच्या शिड्यांनी चढावं, नेढ्यात, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकात, बसून वारा खावा आणि त्र्यंबक दरवाजाने साम्रदकडे उतरावं. एका दिवसात खोऱ्याच्या दोन्ही बाजू पाहून होतात. गाडीवाल्याला मात्र साम्रदला यायला सकाळी रतनवाडीतच सांगावं. वर गेल्यावर फोन लागेलच असं नाही, आणि तो बिचारा संध्याकाळपर्यंत देवळापाशी वाट बघत बसतो.