कासवाच्या घराचे कोडे

बालवाचकहो, आम्ही तुम्हांस एक कोडे घालितो: “भाडे नाही, दाराला कडी नाही, धनी परगावी जावो की विहिरीत बुडो, घर काही सुटत नाही. तो कोण?” कासव, हे तुम्ही तत्काळ सांगाल. आता दुसरे ऐका: कासवास घराबाहेर काढिले, तर हाती काय येईल? “उघडे कासव!” असे कोणी म्हणेल व सारे हसतील, परंतु उत्तर चुकले.

कासवाची ढाल ही अंगरख्यासारखी काढघाल करण्याची वस्तू नव्हे. त्याच्या बरगड्या रुंद होऊन कण्यासह एकमेकींस जुळल्या, तीच पाठीची ढाल. आपले खांदे बरगड्यांच्या बाहेर असतात, कासवाचे आत. म्हणून घर काढणे म्हणजे त्याचा कणाच उपटणे होय. चीन देशात सापडलेल्या सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या एका कासवाचे वर्णन २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यास पोटाची ढाल पुरती होती, पाठीची नव्हती. तळ आधी, छप्पर मागाहून; आपले गवंडीही असेच करितात!

बुलढाणा जिल्ह्यात उन्हाळ्यात तळी आटली म्हणजे कासव चिखलात स्वतःस पुरून घेते. ते सापडल्यास दगडाने ठोकू नका. ढालीसही स्पर्श कळतो. घरी पाळणे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मना आहे. त्यास ओल्या जागी सोडून द्यावे. तुम्ही जिला दार समजून थाप मारिता, ती त्याची पाठ आहे.