‘नोट’ : एका परिचित शब्दाचा पाठ



नाशिकरोडच्या बाजूच्या एका शाळेस भेट दिली असता इंग्रजीचा तास चालू होता. ‘द टीचर गेव्ह माय फादर अ नोट’ या वाक्याचा अर्थ विचारताच एक मुलगा उत्साहाने उठून म्हणाला, “गुरुजींनी माझ्या वडिलांना पैसे दिले.” वर्ग हसला. मुलगा खाली बसला आणि त्या तासास त्याने पुन्हा हात वर केला नाही. वस्तुतः त्याला शब्द ठाऊक होता. त्याच्या दुसऱ्या अर्थाकडे जाणारी वाट मात्र त्यास कोणी दाखविली नव्हती.

व्युत्पत्ती : ‘नोट’ हा शब्द मूळ लॅटिन ‘नोटा’ या शब्दापासून फ्रेंच भाषेच्या द्वारे इंग्रजीत आला. ‘नोटा’ म्हणजे खूण. हा मूलार्थ ध्यानी धरला की इतर अर्थ सहज उलगडतात. आठवणीसाठी केलेली लेखी खूण म्हणजे टिपण किंवा चिठ्ठी. मनात केलेली खूण म्हणजे लक्ष देणे. गायनातील सूर दर्शविणारी खूण म्हणजे स्वर. आणि पैसे देण्याच्या वचनाची लेखी खूण म्हणजे चलनी नोट. १६९४ साली स्थापन झालेली बँक ऑफ इंग्लंड ठेवीदारांस प्रारंभी अशा हस्तलिखित चिठ्ठ्याच देत असे. आपल्या ‘टीप’ शब्दाकडे पाहा : पुस्तकात तळटीप असते आणि गाण्यात टिपेचा सूर असतो. म्हणजे एका शब्दाचे अनेक अर्थ ही गोष्ट मुलांना परकी नाही.

पैशाचा अर्थ आपल्या जिल्ह्यात विशेष रुजला, यात नवल नाही. भारत सरकारच्या नोटा पूर्वी इंग्लंडमधून छापून येत. १९२८ सालापासून त्या नाशिकरोड येथे छापल्या जाऊ लागल्या.

उपयोग : पुढील वाक्ये फळ्यावर लिहावीत.
१. ‘राइट अ नोट टु युवर फ्रेंड.’ – मित्रास चिठ्ठी लिही.
२. ‘नोट द डेट.’ – तारीख टिपून घे.
३. ‘शी सँग अ हाय नोट.’ – तिने वरचा स्वर लावला.
४. ‘धिस इज अ टेन-रुपी नोट.’ – ही दहा रुपयांची नोट आहे.

वर्गातील कार्य : दहा रुपयांची नोट मुलांस दाखवावी. तिच्यावर धारकास तितके रुपये देण्याचे वचन आणि त्याखाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही आहे, ती शोधावयास सांगावी. वचन लिहून सही केली म्हणजे ती चिठ्ठीच झाली, हे मुले स्वतः सांगतील. मागील बाजूस पंधरा भाषांत किंमत छापलेली असते. त्यांतील मराठी ओळ वाचवून घ्यावी. (एक रुपयाची नोट भारत सरकारची असून तिच्यावर वित्त सचिवांची सही असते व हे वचन नसते, म्हणून ती या पाठास घेऊ नये.) शेवटी प्रत्येक मुलाने शेजाऱ्यास एका ओळीची ‘नोट’ लिहावी.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. मुले घरून असे कितीतरी इंग्रजी शब्द घेऊन येतात. मुलाने घरचा अर्थ सांगितल्यास प्रथम “बरोबर, हाही एक अर्थ आहे” असे म्हणावे आणि मगच वाक्यातील अर्थ विचारावा, म्हणजे वर केलेला हात पुन्हा वर येईल.