जुन्या जीपची वायरिंग : आधी अर्थिंग तपासा

पाटणहून मोरगिरी, ढेबेवाडीकडे जुन्या महिंद्रा जीपमधून माल नेणाऱ्या व्यापारी बंधूंना पावसाळ्यातला हा त्रास ठाऊक आहे. हॉर्न दाबला की दिवे मंद होतात, सेल्फ नुसता टकटक करतो. लगेच नवी बॅटरी घेऊ नये. बंद गाडीत बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवत असेल, तर दोष बहुधा अर्थिंगचा असतो. निगेटिव्ह टोकाची पट्टी चेसीसला बसते तिथे गंज धरतो. आधी बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडवा, मग बोल्ट काढून पत्रा चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा. इंजिनची पट्टीही तशीच पाहा. इंजिन चालू असताना 14 व्होल्टच्या आसपास मिळाले, तर चार्जिंग ठीक समजावे.

उडालेल्या फ्यूजच्या जागी तार बांधण्याची खोड मात्र फार वाईट! मग फ्यूजऐवजी वायरिंग जळते, आणि मागे कापडाच्या गाठी असतात.

पाणी बहुधा काचेच्या जुन्या रबरातून डॅशबोर्डमागे उतरते, रबर बदला. हूडच्या शिवणीवर मेण घासा. पायाखाली गोणपाट अंथरू नका. ते ओल धरते आणि खालचा पत्रा सडतो.