लाल ओळ शेवटपर्यंत वाच

अगं, तुझा मेसेज वाचला. सर्व्हरच्या लॉगमध्ये रोज तोच एरर येतोय, आणि शिफ्टमधले सगळे म्हणतात, ‘तो येतच असतो, लक्ष नको देऊस.’ तुला ते पटत नाहीये आणि पटू नयेच. पण म्हणून झोप उडवून घेऊ नकोस. मी सांगते तसं शांतपणे बघ.

तू पाठवलेल्या ओळीचा क्रमांक आहे 10028. एक मशीन दुसऱ्याशी बोलायला गेलं आणि पलीकडून उत्तर आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. विंडोज सर्व्हर 2008 आर 2 पर्यंत हीच तक्रार 10009 या क्रमांकाने यायची, तेव्हा माहिती शोधताना दोन्ही क्रमांक टाक. मात्र क्रमांकावर थांबू नकोस. बहुतेक जण तिथेच थांबतात, आणि खरी माहिती त्याच्या पुढे असते. कुणाशी बोलायचं होतं त्या मशीनचं नाव ओळीत आहे, आणि बोलायला कोण निघालं होतं त्या प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ताही आहे. सोबतचा पीआयडी हेक्साडेसिमलमध्ये असतो, हे कुणी सांगत नाही. ओळीत 1404 दिसलं तर टास्क मॅनेजरमध्ये 5124 शोधायचं. नाहीतर तो प्रोग्रॅम सापडत नाही म्हणून तू तासभर हैराण होशील.

आता ते नाव बघ. हे मशीन आज ऑफिसात आहे का? माझा अंदाज आहे, नसेल. भाडेकरू घर सोडून गेला तरी त्याच्या नावाची पत्रं येत राहतात ना, तसंच इथे होतं. जुना सर्व्हर काढला, पण सर्व्हर मॅनेजरच्या यादीत, मॉनिटरिंगमध्ये किंवा बॅकअपच्या कामात त्याचं नाव तसंच राहिलं. तिथून नाव काढलंस की ओळ बंद होते. नावाच्या जागी 8.8.8.8 असेल आणि प्रोग्रॅम डीसीडायॅग असेल, तर कुणीतरी डोमेन कंट्रोलरची तपासणी चालवली होती आणि त्या तपासणीने बाहेरच्या डीएनएसलाही हाक मारून पाहिली. त्यात बिघाड काही नाही. ही ओळ खुशाल सोडून दे. फक्त ती का सोडली हे तुला माहीत असू दे.

मशीन हयात असेल तर मात्र नाव बरोबर पत्त्यावर जातंय का ते एनएसलुकअपने बघ. डीएनएसमध्ये शिळ्या नोंदी साचतात. डीएचसीपीने तो पत्ता केव्हाच दुसऱ्या मशीनला दिलेला असतो आणि तुझा सर्व्हर भलत्याच दारावर थाप मारत बसतो. लॉगमध्ये कर्बरॉसचा इव्हेंट 4 दिसला तर हा संशय आणखी बळकट धर.

पत्ता बरोबर निघाला, तर लगेच ‘पिंग तर लागतोय’ असं कुणी म्हणेल. त्यावर विसंबू नकोस. पिंग कुठल्याच पोर्टला हात लावत नाही. हे संभाषण आधी 135 या पोर्टवर सुरू होतं, आणि तिथून दोघं 49152 ते 65535 यांपैकी एखाद्या पोर्टवर सरकतात. फायरवॉलमध्ये फक्त 135 उघडा असेल, तर पहिली तपासणी हिरवी येते आणि खरं काम पुढच्या पायरीवर अडतं. पॉवरशेलच्या टेस्ट-नेटकनेक्शनने 135 तपासलास तरी तेवढ्यावर ‘फायरवॉल ठीक आहे’ असं कुणाला लिहून देऊ नकोस.

नावाइतकीच मोलाची गोष्ट म्हणजे वेळ. ओळी कधी येतात ते एका कागदावर ओळीने मांड. ठरावीक अंतराने येत असतील तर कुठलं तरी शेड्यूल केलेलं काम आहे. फक्त मशीन सुरू होतानाच येत असतील, तर गोष्ट निराळी. नेटलॉगॉनचा 5719 आणि ग्रुप पॉलिसीचा 1129 हे या वेळचे नेहमीचे सोबती. डोमेन कंट्रोलर सापडत नाही, अशी त्यांची तक्रार. पण अनेकदा दोष कंट्रोलरचा नसतो, स्विचचा असतो. केबलीत जीव आला की स्विच आधी लूप होणार नाही ना याची खात्री करून घेतो. जुन्या स्पॅनिंग ट्रीच्या नियमाने 15 आणि 15 अशी 30 सेकंदं त्यात जातात, आणि आजचे सर्व्हर तेवढ्या वेळात विंडोज उघडून मोकळे होतात. नेटवर्कवाल्यांना सांगून त्या पोर्टवर पोर्टफास्ट करून घे. सर्व्हर जोडलेल्या पोर्टवरच हं, दुसरा स्विच जोडलाय तिथे नाही. तिथे केलं तर लूप होऊन सगळं ऑफिस बसू शकतं.

हाच 5719 भर दुपारी येत असेल तर मशीनचं डीएनएस सेटिंग उघड. दुसऱ्या रकान्यात कुणीतरी ‘असू दे, उपयोगी पडेल’ म्हणून बाहेरचा डीएनएस टाकून ठेवलेला असतो. बाहेरच्याला तुमच्या आतल्या डोमेनची नावं माहीत नसतात. तो ‘असं नाव नाही’ म्हणून मोकळा होतो, आणि विंडोज ते उत्तर खरं धरून चालतं. डोमेनमधल्या मशीनला फक्त आतलाच डीएनएस द्यायचा. इंटरनेटवरची नावं कुठून आणायची ते तो आतला डीएनएस बघून घेतो.

आणि टीसीपीआयपीचा 4231 दिसला तर माझं एक ऐक, कितीही घाई असली तरी. बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी एकूण 16384 पोर्ट असतात, ते संपले असं ही ओळ सांगते. कुठला तरी प्रोग्रॅम जोडण्या उघडतोय आणि बंद करत नाहीये. ‘रीस्टार्ट कर, आधी सुरू होऊ दे,’ असा दबाव येईलच. रीस्टार्टने सुरूही होईल, आणि पुरावा धुऊन जाईल. त्याआधी नेटस्टॅट चालवून, कुठल्या पीआयडीकडे किती जोडण्या आहेत ते फाईलमध्ये घे. काही सेकंदांचं काम आहे. पोर्टची संख्या वाढवायचा सल्लाही मिळेल. त्याने दिवस पुढे ढकलतात, गळती थांबत नाही.

आणखी एक. क्लायंटचा सर्व्हर अमेरिकेत आणि तू पुण्यात, तेव्हा वेळांचा घोळ होणारच. लॉग आतून यूटीसीमध्ये वेळ ठेवतो, आणि बघणाऱ्या मशीनच्या घड्याळाप्रमाणे दाखवतो. रिमोट डेस्कटॉपवर तिथली वेळ दिसते; तीच फाईल तुझ्या लॅपटॉपवर उघडलीस की भारतातली. स्विचच्या नोंदीशी जुळवण्याआधी कुठली वेळ बघतेयस ते लिहून ठेव. दोन्ही मशीनची घड्याळंही ताडून बघ. पाच मिनिटांहून जास्त फरक असला तर साधारणपणे कर्बरॉस ओळखच देत नाही.

‘क्लिअर लॉग’ला हात लावू नकोस. कुणी सांगितलं तर आधी फाईल सेव्ह कर. सिस्टिम लॉगची मर्यादा सहसा 20 एमबी असते, भरला की तो सगळ्यात जुन्या ओळी आपोआप पुसतो. तुझ्याकडे वारंवार येणाऱ्या एररनेच तो भरत असेल, तर खरी महत्त्वाची ओळ त्याखाली वाहून जातेय, आणि ‘लक्ष नको देऊस’ म्हणणाऱ्यांना हेच दिसत नाहीये.

तुझी खरी अडचण मला कळते. तू नवीन आहेस, नेटवर्कच्या टीमकडे गेलीस की ‘आमच्याकडे सगळं ठीक आहे’ म्हणून परत पाठवतात. ‘नेटवर्कचा एरर येतोय’ असं टिकेट टाकलंस तर पाठवणारच गं. त्याऐवजी लिही: या मशीनवरून त्या मशीनकडे, या पोर्टवर, या प्रोग्रॅमने, या वेळांना. पत्ते आकड्यांत दे. असं टिकेट सहजासहजी बंद करता येत नाही, आणि तुझ्या वयाकडे बघून उत्तर देणाऱ्यालाही मग त्या आकड्यांवर बोलावं लागतं.

आज शिफ्ट सुरू झाली की आधी ते मशीनचं नाव आणि प्रोग्रॅमचा पत्ता मला पाठव. बॅकअपचा प्रोग्रॅम निघाला तर जुन्या नावाची नोंद काढायला त्यांच्या माणसाला सांग, स्वतः काढू नकोस. आणि काढल्यावर दोन दिवस त्याच वेळांना लॉग उघडून बघ.