ओठावरचा न भरणारा चट्टा

प्रश्न : कपाशीच्या शेतात वर्षानुवर्षे राबलेल्या वडिलांच्या खालच्या ओठावर सालपटे निघणारा पांढुरका चट्टा आहे. तो कर्करोग असेल का? (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेच्या वरच्या थरातील पेशींच्या जनुकांत बिघाड साठत जातो आणि त्यातून ॲक्टिनिक केराटोसिस, म्हणजे कर्करोगपूर्व खरखरीत चट्टा, उद्भवतो, तोच ओठावर झाल्यास त्याला ॲक्टिनिक चिलायटिस म्हणतात. सावळ्या त्वचेला मेलॅनिन या रंगद्रव्याचे संरक्षण असल्याने भारतात असे चट्टे कमी आढळतात, मात्र खालच्या ओठावर ऊन थेट पडते आणि गांधी टोपीची सावली तिथवर पोहोचत नाही. जन्मतः रंगद्रव्य नसलेल्यांना धोका कितीतरी अधिक असतो, आणि त्यांच्याकडे होणारे दुर्लक्ष खेदजनक आहे.

हा चट्टा डोळ्यांआधी बोटाला कळतो : स्पर्श सँडपेपरसारखा, खपली काढली तरी पुन्हा येणारी. ओठ आणि त्वचा यांमधील रेषा पुसट होणे हीदेखील खूण होय. चट्टा टणक झाल्यास, त्यातून रक्त आल्यास किंवा व्रण पडल्यास तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायोप्सी, अपरिहार्य ठरते. खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाण्याची सवय असल्यास तोंडाच्या आतूनही तपासणी व्हावी.

कर्करोग नसल्यास उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनने चट्टा गोठवतात किंवा फ्लुरोयुरॅसिलचे मलम काही आठवडे लावतात. त्या काळात होणारी आग व लाली अपेक्षितच असते, त्यामुळे डॉक्टरांना न विचारता उपचार सोडू नयेत. चट्ट्यावर चुना वा झाडपाला न लावता वडिलांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विनाविलंब दाखवावे.